खेळाडू हाही कामगारच



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा आम्ही महागाई भत्ता, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी एखाद्या विषयावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. युनियनच्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करील? आम्ही विषय कळवला तो मात्र धंदेवाईक खेळाडूच्या आयुष्याचा. चालक चकित झाले; पण आमच्या दृष्टीने आम्ही आमचा विषय सोडलेला नाही. 'बोनस' हा शब्द कारखान्यातही आहे आणि कबड्डीच्या मैदानावरही आहे. दोन्हीकडे तो घाम गाळल्यावाचून मिळत नाही.

हा विषय घेण्यास कारण आहे. नाशिकचा रस्ता आणि घोडबंदरचा रस्ता जेथे फुटतात, त्या या माजिवड्यात संध्याकाळी मोकळी जागा दिसली की पोरे आखणी करून कबड्डी खेळतात. कोठे बास्केटबॉलची कडी लावलेली असते, तेथे चेंडू आपटल्याचा आवाज येतो. आणि अलीकडे आमच्याकडे पगाराची स्लिप घेऊन येणारे लोक जाताजाता एक प्रश्न विचारतात, "दादा, मुलगा चांगला खेळतो. त्याला खेळू द्यावे की आयटीआयला घालावे?" दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नसे. तेव्हा खेळ हा खेळ होता आणि पोट हे पोट होते. आता दूरदर्शनच्या पडद्यावर खेळाडूंचे लिलाव होतात, कोटीचे आकडे ऐकू येतात आणि बापाला वाटते की आपल्याही घरात एक कोटी रुपये मैदानावर धावत आहेत. या बापाला खरे उत्तर मिळाले पाहिजे. तेच देण्याचा आज प्रयत्न करावयाचा आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे : पैसे घेऊन खेळणारा खेळाडू हा कामगार आहे आणि त्याचा विचार कामगार म्हणूनच झाला पाहिजे. तीन बाबतींत तो इतर कामगारांहून वेगळा आहे. पहिली बाब अशी की, त्याचे हत्यार म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. लेथ बिघडला तर मालक दुरुस्त करतो. गुडघा बिघडला तर तो खेळाडूच्याच घरी जातो. दुसरी ही की, त्याचे कामाचे आयुष्य फार थोडे असते. फिटर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत काम करतो. कबड्डीतला चढाईपटू तिशीतच म्हातारा ठरतो. आणि तिसरी म्हणजे त्याला विकत घेणारे मोजके असतात. सुताराला एका दुकानात काम मिळाले नाही तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. पण ज्या खेळात सगळ्या देशात दहा-बारा संघ आणि एकच स्पर्धा, त्यात "नको" म्हणणारे दहा-बारा लोक मिळाले की धंदा संपला.

आता आपल्याकडे या कामगाराचे पूर्वी कसे चालत असे ते पाहू. आपल्या देशात खेळाडू 'हौशी' असे. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच 'अमॅच्युअर' हा शब्द आहे. पण हौसेने पोट भरत नाही. म्हणून त्यावर तोड निघाली ती नोकरीची. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, पोलीस, बंदर, गिरण्या आणि मोठे कारखाने यांनी आपापले संघ ठेवले. मुलगा चांगला खेळला की त्याला कारकून, शिपाई किंवा मदतनीस म्हणून घेत. सकाळी सराव, दुपारी हजेरी आणि हंगामात स्पर्धा. कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ साली सदानंद शेट्ये यांना मिळाला, तो याच नोकरीच्या जमान्यात. बास्केटबॉलचेही तेच. मुंबईच्या नागपाड्याच्या दाट वस्तीत एका मैदानाच्या आधारावर बास्केटबॉलपटूंच्या पिढ्या घडल्या. त्याच नागपाड्याचे अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. त्या वस्तीतल्या पोरांना बास्केटबॉलने काय दिले? कोटी दिले नाहीत. रेल्वेची आणि सरकारी खात्यांची नोकरी दिली, प्रॉव्हिडंट फंड दिला, आजारपणात रजा दिली. गरिबाच्या घरात ही गोष्ट लहान नव्हे.

या व्यवस्थेचे आम्ही गोडवे गाणार नाही. तिच्यात वशिला होता, पगार थोडा होता आणि खेळाडूच्या खेळावर मंडप भरवणारे निराळेच लोक गब्बर होत होते. शिवाय कागदावर तो खेळाडू नसेच. तो असे मदतनीस. याचा परिणाम काय होतो, ते आमच्या कामात आलेल्या एका प्रकरणावरून सांगतो.

एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, एक तरुण कबड्डीमुळे भरती झाला. उजवा कोपरा सांभाळणारा, पकडीत पटाईत. कारखान्याच्या नावाचा गणवेश घालून, कारखान्याने दिलेल्या रजेवर, कारखान्याच्या गाडीतून तो स्पर्धेला गेला आणि गुडघा तुटून आला. नुकसानभरपाई मागितली तेव्हा व्यवस्थापनाने सांगितले की, अपघात कामावर झालेला नाही. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याचे शब्द असे होते की, इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेली असली पाहिजे. साहेबांचे म्हणणे, "त्याचे काम स्टोअरमध्ये आहे, मैदानावर नाही." आम्ही विचारले, "मग त्याला घेतला कशासाठी? स्टोअरमधली पोती उचलण्यात तो पटाईत म्हणून?" पुष्कळ दिवस वाद चालला. शेवटी तडजोड झाली : ऑपरेशनचा खर्च आणि बसून करावयाचे काम. हक्क म्हणून काही मिळाले नाही. जे मिळाले ते मेहेरबानी म्हणून मिळाले. त्या दिवशी आमची खात्री पटली की, खेळणे हे काम आहे असे कागदावर लिहून घेतल्यावाचून खेळाडूचे भले नाही.

पुढे गिरण्या गेल्या, वागळे इस्टेटमधले कित्येक कारखाने गेले, चिमण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. कारखान्यांचे संघही त्यांच्याबरोबर गेले. नोकरीची वाट अजून पुरती बंद झालेली नाही. रेल्वे आणि पोलीस खेळाडू घेतात. राज्य सरकारने २००५ च्या निर्णयाने सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखून ठेवल्या. पण वाट अरुंद झाली हे खरे. आणि मग २०१४ साली नवी वाट उघडली, ती लिलावाची.

२०१४ च्या जुलैत आठ संघांची व्यावसायिक कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली राकेश कुमार यांच्यावर, १२ लाख ८० हजारांची. चार वर्षांनी, २०१८ साली, सहा खेळाडू कोटीला पोहोचले. त्यांत आपल्या मुंबईचे रिशांक देवाडिगा होते, १ कोटी ११ लाखांना. त्याच वर्षी कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचे सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना घेतले गेले. पहिल्याच हंगामात त्यांनी चढाईत दोनशेंहून अधिक गुण मिळवले आणि २०१९ साली त्यांच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. डोंगराळ तालुक्यातला मुलगा एका वर्षात एवढ्या वर जातो, हे पाहून ज्याला आनंद होत नाही तो माणूस खडूस म्हणावा. आम्हाला आनंद झाला. श्रमाला भाव मिळाला तर युनियनवाल्याने नाक का मुरडावे?

परंतु त्याच सिद्धार्थ देसाई यांचा २०२१-२२ चा हंगाम खांद्याच्या दुखापतीने सुरुवातीलाच संपला. २०२२ साली पवन सेहरावत यांच्यावर २ कोटी २६ लाखांची बोली लागली आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्यांना हंगामभर बाहेर बसावे लागले. ते मोठे खेळाडू. पुढच्या वर्षी त्यांना २ कोटी ६० लाखांहून अधिक मिळाले. पण ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा पोराचा गुडघा पहिल्या सामन्यात गेला, तर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी हात कोण वर करील? मोठ्यांनाही लिलाव सोडीत नाही. प्रदीप नरवाल हे या लीगचे सर्वाधिक गुणांचे चढाईपटू. अठराशे गुण त्यांच्या नावावर. २०२१ साली त्यांचा भाव १ कोटी ६५ लाख, २०२४ साली ७० लाख आणि २०२५ च्या लिलावात त्यांना कोणीच घेतले नाही. त्यांनी निवृत्ती जाहीर केली. वय वर्षे अठ्ठावीस!

आता जरा हिशेब मांडू. २०२४ च्या लिलावात प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटी रुपयांची आणि संघात १८ ते २५ खेळाडू. वीस धरले तर माणशी २५ लाख पडतात. पण एकाला दोन कोटी दिले की उरलेल्या एकोणिसांच्या वाट्याला तीन कोटी, म्हणजे सरासरी सोळा लाखांच्या आत. सर्वांत खालच्या वर्गाची मूळ किंमत ९ लाख. तुम्ही म्हणाल, नऊ लाख काय थोडे झाले? थोडे नाहीत. वर्षातले अडीच-तीन महिने चालणाऱ्या स्पर्धेसाठी पुष्कळच आहेत. पण समजा एखादा मुलगा तेविसाव्या वर्षी शिरला आणि पाच वर्षे टिकला. पाचही वर्षे त्याला घेतले गेले, हे गृहीत धरणेच उदारपणाचे आहे. त्याला मिळाले ४५ लाख, तेही कर वजा करण्यापूर्वी. आता तो अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंतची पस्तीस वर्षे घ्या, म्हणजे ४२० महिने. भागाकार केला तर महिन्याला १०,७०० रुपयांच्या आसपास पडतात. बंधूंनो, लिलावात कळते ती किंमत. पगार कळण्यासाठी आयुष्याने भागावे लागते.

आणि ही कबड्डीची गोष्ट झाली, जिला प्रेक्षक आहेत. बास्केटबॉलची वाट याहून खडतर. २०१५ साली आपल्याकडे एक व्यावसायिक बास्केटबॉल लीग निघाली. मुंबई चॅलेंजर्स, पुणे पेशवाज अशी तिच्यातल्या संघांची नावे होती. २०१७ नंतर ती थांबली. त्या संघांतल्या पोरांनी कोणाकडे पाहावयाचे? त्याच २०१५ साली पंजाबातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग याची अमेरिकेच्या एनबीएमधील डॅलस संघाने बावन्नाव्या क्रमांकावर निवड केली. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच खेळाडू. देशभर पेढे वाटल्यासारखे झाले. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही आणि पुढे तो कुस्तीच्या व्यावसायिक खेळांकडे वळला. मुलींची गोष्ट तर याहून थोडक्यात संपते. २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी स्पर्धा भरली. एका संघाच्या कर्णधार आपल्या अभिलाषा म्हात्रे होत्या. पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही.

मग यावर उपाय काय? लिलाव बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. घड्याळाचे काटे मागे फिरवणारे आम्ही नव्हे. उपाय कोठे सापडतो तर ज्या देशात हा धंदा सर्वांत मोठा आहे तेथेच, आणि तोही बास्केटबॉलमध्येच. हा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९५४ साली बॉस्टन संघाचे बॉब कूझी यांनी एनबीएतील खेळाडूंची संघटना उभारली. कूझी त्या काळचे पहिल्या रांगेचे खेळाडू. त्यांना स्वतःला भांडण्याचे कारण नव्हते. मालकांनी सुरुवातीला दाद दिली नाही. तेव्हा त्यांनी देशातल्या मोठ्या कामगार महासंघाशी बोलणी सुरू केली आणि १९५७ साली मालक वाटाघाटीला बसले. पहिल्या मागण्या काय होत्या, ऐका. प्रवासात जेवणखर्चाला दिवसाला सात डॉलर. एका संघातून दुसऱ्या संघात पाठवल्यास घर हलवण्याचा खर्च. आणि पंच जो पंधरा डॉलरचा दंड आपल्या मर्जीने खेळाडूच्या कानात सांगून टाकीत, तो बंद करावा. आमच्या पहिल्या मागणीपत्रातल्या कँटीनच्या चहाची आणि हजेरीच्या दंडाची आठवण व्हावी, अशा या मागण्या! कामगार सगळीकडे सारखाच.

खरा प्रसंग आला १४ जानेवारी १९६४ रोजी. बॉस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा सामना होता आणि तो देशभर दूरदर्शनवर दाखवला जाणार होता. खेळाडूंची मागणी निवृत्तिवेतनाची. मालक कित्येक दिवस टोलवीत होते. सामन्याची वेळ झाली, प्रेक्षक बसले आणि खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर येईनात. आत कोण होते? बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, ऑस्कर रॉबर्टसन. त्या खेळातले सगळे महारथी. एका मालकाने आपल्या खेळाडूंना धमकीचा निरोप पाठवला. त्याने उलट निर्धार वाढला. अखेर एनबीएच्या अध्यक्षांनी निवृत्तिवेतनाचा शब्द दिला आणि मगच खेळाडू मैदानात उतरले. सामना थोडा उशिरा सुरू झाला, इतकेच. त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? ऑस्कर रॉबर्टसन! संप करायला निघालेला माणूस खेळात चोर नसतो, हे त्याने त्याच दिवशी दाखवले.

पुढे रॉबर्टसन त्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्या वेळी खेळाडू एकदा एका संघाचा झाला की करार संपला तरी त्या मालकाच्या दावणीलाच राही. १९७० साली रॉबर्टसन यांच्या नावाने खेळाडूंनी दावा लावला. १९७६ साली तडजोड होऊन ती दावण सैल झाली. तोवर रॉबर्टसन स्वतः निवृत्त झाले होते. त्यांनी लावलेल्या झाडाची फळे पुढच्यांनी खाल्ली. तेथे आज तीन वर्षे खेळलेला खेळाडू निवृत्तिवेतनाला पात्र होतो. २०१६ साली चालू खेळाडूंच्या संघटनेने स्वतः ठराव करून निवृत्त खेळाडूंच्या आरोग्यविम्याचा भार उचलला. तेथेही सरासरी खेळाडू चार-पाच वर्षेच टिकतो; पण तो रिकाम्या हाताने घरी जात नाही.

यातला बोध आम्हाला असा दिसतो. निवृत्तिवेतनाची गरज चेंबरलेनला नव्हती. बाकावर बसणाऱ्या बाराव्या खेळाडूला होती. पण बाराव्या खेळाडूने खोलीचे दार लावून घेतले असते तर मालकांनी तेरावा आणला असता. दार लावले ते ज्यांच्यावाचून सामना होऊच शकत नव्हता त्यांनी. जो सर्वांत महाग, त्यानेच सर्वांत स्वस्त माणसासाठी उभे राहावयाचे असते. आमच्या कारखान्यातही कंत्राटी मुलाचा प्रश्न तेव्हाच सुटतो, जेव्हा कुशल कामगार त्याच्यासाठी हत्यार खाली ठेवतो.

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. फुटबॉलपटूंनी २००६ साली बायचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने संघटना काढली. क्रिकेटमध्ये २०१९ साली माजी खेळाडूंची संघटना मान्य झाली. पण ती माजींची. जो आज खेळतो आहे आणि ज्याच्या हातात आज बळ आहे, तो तिच्यात नाही. केंद्र सरकारची १९९४ पासूनची खेळाडूंसाठीची निवृत्तिवेतन योजना आहे. पण ती आंतरराष्ट्रीय पदके मिळवणाऱ्यांची. पदक न मिळवता दहा वर्षे घाम गाळणाऱ्याचे काय? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिलेला आहे. हंगामाच्या करारावरील खेळाडूला कामगार म्हणावयाचे की नाही, या एका शब्दावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आणि तो शब्द भांडल्यावाचून पदरात पडणार नाही.

काही सज्जन म्हणतील, "दादा, कारखान्यांत युनियन आणून झाली, आता मैदानावर कशाला आणता? खेळाची मजा जाईल." त्यांना आमचे उत्तर एवढेच की, अमेरिकेत संघटना होऊन सत्तर वर्षे उलटली, तेथील बास्केटबॉल बुडाला नाही, जगभर पसरला. मजा प्रेक्षकाची आणि मोडका गुडघा खेळाडूचा, ही वाटणी न्यायाची नव्हे.

आता ज्या बापाने प्रश्न विचारला त्याला उत्तर. मुलाला खेळू द्या. जरूर खेळू द्या. पण करारावर सही करताना पाच गोष्टी विचारा. एक, दुखापत झाल्यास हंगामाचे पूर्ण पैसे मिळणार की खेळलेल्या सामन्यांपुरतेच? दोन, ऑपरेशनचा आणि त्यानंतरच्या उपचारांचा खर्च कोणाचा, आणि करार संपल्यावर किती दिवस? तीन, भविष्यासाठी काही रक्कम बाजूला पडते का? चार, पैसे कोणत्या तारखांना मिळणार आणि न मिळाल्यास दाद कोठे मागावयाची? पाच, संघाने मध्येच सोडल्यास काय? ही पाच उत्तरे तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. मराठीत समजावून घ्या. इंग्रजीला भिऊन सही करू नका. मुलाचे शिक्षण सोडू नका. आयटीआयचे प्रमाणपत्र गुडघ्याबरोबर मोडत नाही. रेल्वेची किंवा पोलिसाची नोकरी खेळावर मिळत असेल तर पडद्यावरच्या आकड्याला भुलून ती लाथाडू नका. आणि मुलगा मोठा झाला, त्याच्यावर कोटीची बोली लागली, तर त्याला १९६४ च्या बॉस्टनची गोष्ट सांगा. त्याला म्हणा, "बाळा, तुझे भागले. आता नऊ लाखवाल्यासाठी तू दार लाव."

शेवटी दोन शब्द आपणा नागरिकांसाठी. आपण तिकीट काढतो, पडद्यासमोर बसतो, टाळ्या वाजवतो. खेळाडूच्या धंद्याचा पैसा शेवटी आपल्याच खिशातून जातो. म्हणून त्याच्या हलाखीची थोडी जबाबदारीही आपल्याकडे येते. आपल्या माजिवड्यात, बाळकुमात, राबोडीत दर मोसमात मंडळांचे सामने होतात. मंडळांनी एवढे तरी करावे की, मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक पोराचा अपघाताचा विमा उतरवल्यावाचून शिट्टी वाजवू नये. मंडपावरच्या रोषणाईतली एक माळ कमी केली तरी तो हप्ता निघेल. सुरुवात येवढ्यावरूनही होते. अमेरिकेत ती सात डॉलरच्या जेवणावरून झाली होती.

 ज्यांच्या घरी खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी करारपत्र घेऊन आमच्या कचेरीत जरूर यावे. फी नाही. कलमे मिळून वाचू.